जिब्राल्टर, ४ जुलै १९४३ : जनरल सिकोर्स्की यांचा विमान अपघात आणि वळिवड्याची छावणी

जुने_नकाशे (धागाकर्ता)

४ जुलै १९४३ च्या रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी जिब्राल्टरच्या धावपट्टीवरून ब्रिटिश हवाईदलाचे एक लिबरेटर विमान लंडनच्या दिशेने उडाले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत किनाऱ्याजवळच समुद्रात कोसळले. विमानात सतरा माणसे होती. त्यांपैकी केवळ चेक वैमानिक एडुआर्ड प्रखाल वाचला. मृतांमध्ये पोलंडच्या लंडनमधील निर्वासित सरकारचे पंतप्रधान आणि सरसेनापती जनरल व्वादिस्वाव सिकोर्स्की, त्यांचे लष्करप्रमुख जनरल तादेउश क्लिमेत्स्की, लष्करी कारवाया विभागाचे प्रमुख कर्नल आंद्जेय मारेत्स्की, व्हिक्टर कॅझलेट व ब्रिगेडियर जॉन व्हाइटली हे ब्रिटिश संसदेचे दोन सदस्य आणि सिकोर्स्की यांची कन्या व सहकारी झोफिया लेश्नियोव्स्का यांचा समावेश होता. झोफियाचा मृतदेह कधीच सापडला नाही.

या अपघाताविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते ते जवळजवळ सर्व ‘हत्या की अपघात’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न खरा आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. परंतु या धाग्यामागील माझा मुख्य आग्रह वेगळा आहे. त्या रात्री नेमके काय बुडाले, हे समजून घेतल्याशिवाय कोणी बुडवले या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही; आणि जे बुडाले त्याचा एक धागा थेट आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम पार्श्वभूमी. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले व देश वाटून घेतला. सरकारने देश सोडला. ३० सप्टेंबर १९३९ रोजी सिकोर्स्की फ्रान्समध्ये पंतप्रधान झाले आणि फ्रान्स पडल्यानंतर १९४० च्या जूनमध्ये हे सरकार लंडनला आले. दरम्यान सोव्हिएत ताब्यातील पूर्व पोलंडमधून १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत चार मोठ्या लाटांमध्ये लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलतोडीच्या वसाहतींमध्ये पाठवण्यात आले. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, पोलिसांच्या बायका आणि मुले असे हे लोक होते.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि कालचा आक्रमक आज मित्रपक्षात आला. सिकोर्स्की यांनी ३० जुलै १९४१ रोजी सोव्हिएत राजदूत इव्हान मायस्की यांच्याशी लंडनमध्ये करार केला. पोलंडच्या भावी पूर्व सीमेविषयी त्यात स्पष्ट हमी नव्हती. या कारणावरून त्यांच्या मंत्रिमंडळात फूट पडली आणि जनरल सोस्न्कोव्स्की यांच्यासह काही मंत्र्यांनी राजीनामे दिले. सिकोर्स्की यांनी हा रोष पत्करला, कारण कराराच्या दुसऱ्या बाजूला माणसे होती. सोव्हिएत तुरुंगांतील आणि वसाहतींतील पोलिश नागरिकांची ‘माफी’ या अपमानास्पद नावाखाली का होईना, पण सुटका होणार होती आणि त्यांच्यातून जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहणार होते. हे सैन्य आणि त्याच्या आश्रयाला आलेली कुटुंबे १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. अशा रीतीने बाहेर पडलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. टायफसने, आमांशाने आणि उपासमारीने त्यांतील कित्येक किनाऱ्याला लागताच दगावले. जे जगले त्यांतील स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान येथे आश्रय मिळाला. हिंदुस्थानातील सर्वांत मोठी छावणी वळिवडे येथे १९४३ च्या मध्यास वसली आणि तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. म्हणजे आपल्या सुटकेच्या करारावर ज्याची सही होती तो पंतप्रधान गेल्याची बातमी या लोकांना, आपल्या नव्या बराकींत जेमतेम स्थिरावत असताना ऐकावी लागली.

एप्रिल १९४३ पर्यंत परिस्थिती पुन्हा पालटली होती. १३ एप्रिलला जर्मन नभोवाणीने काटिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचे जाहीर केले. सिकोर्स्की सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशीची मागणी केली. तिचा आधार घेऊन स्टालिनने २५ एप्रिलला पोलिश सरकारशी राजनैतिक संबंध तोडले. काटिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२,००० पोलिश कैद्यांची हत्या सोव्हिएत गुप्त पोलिसांनी केली, हे मॉस्कोने मान्य केले ते थेट १९९० मध्ये. १९४३ मध्ये मात्र लंडन आणि वॉशिंग्टन या दोघांनाही हा विषय मिटलेला हवा होता, कारण जर्मनांशी जमिनीवरची मुख्य लढाई लाल सैन्य लढत होते. अशा वेळी सिकोर्स्की मे महिन्याच्या अखेरीस मध्यपूर्वेत गेले. काटिनच्या बातमीने संतापलेल्या आणि करारावर उघड टीका करणाऱ्या आपल्याच सैन्याला सावरणे हा त्या दौऱ्याचा हेतू होता. त्या दौऱ्यावरून परत येताना जिब्राल्टर हा शेवटचा थांबा होता.

अपघाताच्या तांत्रिक बाजूची माहिती असणाऱ्या सदस्यांनी कृपया भर घालावी.

धावपट्टी

धागाकर्त्याने विषय योग्य जागी नेऊन ठेवला आहे. मी विमानांच्या देखभालीच्या क्षेत्रात काम केलेले असल्याने तेवढ्यापुरते लिहितो.

प्रखाल याची साक्ष अशी होती की उड्डाणानंतर त्याने वेग वाढवण्यासाठी नियंत्रणदंड थोडा पुढे केला आणि पुन्हा वर चढण्यासाठी मागे ओढायला गेला, तेव्हा तो हललाच नाही. विमानाच्या शेपटीवर जी आडवी हलती फळी असते, जिला एलिव्हेटर म्हणतात, तिच्यावर विमानाचे नाक वर वा खाली होणे अवलंबून असते. लिबरेटरमध्ये वैमानिकाच्या दंडापासून त्या फळीपर्यंतची जोडणी पोलादी तारा आणि कप्प्यांची (पुलींची) होती. विमान जेमतेम चाळीस-पन्नास मीटर उंचीवर असताना ही जोडणी अडकली, तर वैमानिकाच्या हातात विचार करायलाही वेळ उरत नाही. इंजिने उत्तम चालू असली तरी विमान हळूहळू खाली उतरत पाण्याला भिडते. काठावरच्या साक्षीदारांनी जे वर्णन केले आहे ते याच्याशी जुळते. विमान गिरक्या घेत पडले नाही, त्याचा स्फोट झाला नाही. ते जवळजवळ सपाट स्थितीत खाली आले.

ब्रिटिश हवाईदलाचे चौकशी मंडळ ७ जुलैलाच बसले आणि महिना संपण्यापूर्वी त्याने निष्कर्ष दिला. एलिव्हेटर अडकल्यामुळे विमान अनियंत्रित झाले, ते का अडकले हे सांगता येत नाही, आणि घातपात झालेला नाही, असा तो निष्कर्ष होता. माझ्या दृष्टीने पहिली दोन विधाने प्रामाणिक आहेत. तिसरे विधान दुसऱ्यातून निघत नाही. कारण माहीत नाही असे म्हटल्यावर एक विशिष्ट कारण निश्चितपणे वगळायचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. पोलिश सरकारनेही हाच आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता.

अडकण्याची साधी कारणेही अनेक असू शकतात. जमिनीवर विमान उभे असताना वाऱ्याने हलत्या फळ्या आपटू नयेत म्हणून त्यांना खीळ घालण्याची व्यवस्था असते. ती पुरती सुटलेली नसेल, तर असे होऊ शकते. सामान नीट बांधलेले नसेल आणि उड्डाणाच्या वेळी सरकले, तर ते तारांच्या मार्गात येऊ शकते. त्या रात्री धावपट्टीजवळ टपालाची एक थैली पडलेली आढळली होती. ती विमानातूनच पडलेली असेल, तर सामान पुरेसे आवळलेले नव्हते असे मानायला जागा राहते. मी थैलीमुळेच अपघात झाला असे म्हणत नाही. युद्धकाळात बॉम्बफेकी विमानाचे प्रवासी विमान करताना किती गोष्टी घाईत उरकल्या जात, हे लक्षात घ्यावे एवढेच.

साशंक_वाचक

दोन्ही लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला काही गोष्टी इतक्या सहज सोडून देता येत नाहीत.

पहिली गोष्ट, त्याच ४ जुलैच्या सकाळी राजदूत मायस्की यांचे विमान जिब्राल्टरला थांबले होते. ज्यांनी एकत्र बसून करार केला आणि आता ज्यांच्या सरकारांचे बोलणेही बंद आहे, असे दोन पुरुष एकाच दिवशी त्या चिमुकल्या जागी आले. राज्यपाल मेसन-मॅकफार्लेन यांना त्यांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून खटपट करावी लागली. दुसरी गोष्ट, ब्रिटिश गुप्तहेर खात्यात स्पेन-पोर्तुगाल विभागाचा प्रमुख त्या वेळी किम फिल्बी होता आणि तो सोव्हिएत हेर होता, हे नंतर सिद्ध झाले. तिसरी गोष्ट, प्रखाल आपण उड्डाणाच्या वेळी जीवरक्षक जाकीट घालत नसल्याचे सांगत राहिला. परंतु पाण्यातून त्याला काढले, तेव्हा त्याच्या अंगात ते जाकीट होते. चौथी गोष्ट, १९४२ च्या नोव्हेंबर अखेरीस मॉन्ट्रियलजवळ सिकोर्स्की यांच्या विमानाची दोन्ही इंजिने उड्डाणाच्या क्षणी बंद पडली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. एवढे योगायोग एका माणसाच्या वाट्याला येत असतील तर संशय घेणे हे इतिहासाच्या वाचकाचे कर्तव्यच ठरते.

शिवाय ब्रिटिश सरकारने स्वतः १९६९ मध्ये कागदपत्रांची गोपनीय फेरतपासणी केली. त्यात जिब्राल्टरमधील सुरक्षा ढिसाळ होती आणि विमान तिथे उभे असताना घातपाताला वाव होता, असे मान्य केले गेले. मग १९४३ चे ते ठाम विधान कोणत्या आधारावर होते?

जुने_नकाशे (धागाकर्ता)

साशंक_वाचक, आपण मांडलेल्या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतील एकही मी दडवू इच्छित नाही. माझे म्हणणे त्यांच्या वजनाविषयी आहे.

मायस्की जिब्राल्टरला होते, कारण लंडन आणि मॉस्को यांच्या दरम्यान भूमध्य समुद्राच्या मार्गाने जाणाऱ्यांना बहुधा त्याच खडकावर उतरावे लागे. युद्धकाळात ती जागा सर्वांचा थांबा होती. फिल्बी इंग्लंडमधील कचेरीत बसून काम करत होता. त्याचे पद संशयाला वाट देते, पण त्या पदावरून त्या विमानाच्या तारांपर्यंत नेणारी एकही दुवा-कडी आजवर पुढे आलेली नाही. जाकिटाचा मुद्दा सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आहे, हे मी मान्य करतो. मात्र अपघात घडणार हे आधीच ठाऊक असलेला वैमानिक, रात्रीच्या अंधारात, चाळीस मीटरवरून वजनदार विमान समुद्रात आपटून आपण जगू अशी खात्री बाळगेल, हे मला जाकिटापेक्षाही अधिक अविश्वसनीय वाटते. डोक्याला जबर मार बसून शुद्ध हरपलेल्या माणसाच्या शेवटच्या क्षणांच्या स्मृतीवर किती भिस्त ठेवायची, हाही प्रश्न आहेच.

प्रखालच्या बाबतीत एक अन्याय नोंदवणे मला आवश्यक वाटते. १९६७ मध्ये एका जर्मन नाटककाराने रंगभूमीवरून असा आरोप केला की सिकोर्स्की यांचा मृत्यू चर्चिल यांच्या संमतीने घडवलेला घातपात होता आणि प्रखाल त्यात सामील होता. प्रखाल तेव्हा जिवंत होता. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आल्यावर १९५० मध्ये तो कुटुंबासह विमानानेच चेकोस्लोव्हाकियातून निसटला होता आणि अमेरिकेत राहत होता. त्याने लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि १९७२ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने पन्नास हजार पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. सोळा सहप्रवासी गमावलेल्या माणसाला उरलेले आयुष्य खुनी या शिक्क्याखाली काढावे लागणे, हे या सगळ्या तर्कवितर्कांचे फळ आहे. म्हणून पुराव्याविना नावे घेताना मी सावध राहतो.

पोलंडमध्ये लोकशाही आल्यावर १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सिकोर्स्की यांचे अवशेष इंग्लंडमधील नेवार्क येथील पोलिश वैमानिकांच्या दफनभूमीतून क्राकोवच्या वावेल प्रार्थनामंदिरात हलवण्यात आले. तेथील थडगे २००८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायवैद्यक तपासणीसाठी उघडले गेले. त्यांना उड्डाणापूर्वीच गोळी घातली होती, गळा दाबला होता किंवा विष दिले होते, अशा अफवा अनेक दशके चालत आल्या होत्या. तपासणीत असे काहीही आढळले नाही. मृत्यू विमान अपघातात होतात तशा अनेक अवयवांच्या गंभीर दुखापतींनी झाला होता. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने २०१३ मध्ये तपास बंद केला, तेव्हा घातपात झाला असे सिद्ध करणारा पुरावा नाही आणि तो पूर्णपणे नाकारणाराही नाही, एवढीच नोंद केली. ब्रिटिश मंडळापेक्षा ही भूमिका मला अधिक सरळ वाटते. ‘धावपट्टी’ यांनी तिसऱ्या विधानावर जे बोट ठेवले आहे त्याचे उत्तर सत्तर वर्षांनी का होईना, पोलिश संस्थेनेच दिले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ३० जून १९४३ रोजी, म्हणजे अपघाताच्या चारच दिवस आधी, वॉर्सामध्ये गेस्टापोने भूमिगत पोलिश सेनेचे प्रमुख जनरल स्तेफान रोव्हेत्स्की यांना पकडले. एका आठवड्यात देशातला सेनापती शत्रूच्या हाती गेला आणि देशाबाहेरचा सरसेनापती समुद्रात गेला. सिकोर्स्की यांच्यानंतर त्यांची दोन पदे दोन माणसांत विभागली गेली. पंतप्रधानपद शेतकरी पक्षाचे स्तानिस्वाव मिकोवायचिक यांच्याकडे आले आणि सरसेनापतिपद सोस्न्कोव्स्की यांच्याकडे, ज्यांनी १९४१ च्या कराराला विरोध म्हणून राजीनामा दिला होता. दोघांच्या धोरणांत अंतर होते, आणि चर्चिल व रूझवेल्ट यांच्याशी बरोबरीने बोलण्याइतके वजन दोघांपैकी एकाकडेही नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस तेहरानच्या परिषदेत पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवण्यावर तिन्ही मोठ्या राष्ट्रांचे एकमत झाले, तेही पोलिश सरकारला न विचारता. सिकोर्स्की जिवंत असते तर हे टळले असते असे मी म्हणणार नाही, कारण लाल सैन्य कुठवर पोहोचते यावर सीमा ठरणार होती. मात्र वाटाघाटीच्या मेजावर पोलंडच्या बाजूने बोलणारा आवाज अधिक मोठा आणि अधिक एकसंध राहिला असता, हे मला निश्चित वाटते.

पंचगंगाकाठ

आमचे गाव वळिवड्यापासून जवळ आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘पोलंडवाले’ हा शब्द अगदी नेहमीचा होता. धागाकर्त्याने या छावणीला जिब्राल्टरशी जोडले, याचे मला मनापासून समाधान वाटले, कारण इथे छावणीच्या आठवणी निघतात तेव्हा त्या बहुधा आदरातिथ्यापाशीच थांबतात. हे लोक कोणत्या राजकारणाच्या चक्रातून इथवर आले आणि इथून गेल्यावर त्यांचे काय झाले, हे सांगणारे फार थोडे आहेत.

हिंदुस्थानात आलेली पहिली पोलिश मुले १९४२ मध्ये मुंबईत वांद्र्याला उतरली आणि पुढे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे त्यांच्यासाठी छावणी उभारली. त्यांच्या मागोमाग इराणातून येणाऱ्या कुटुंबांसाठी वळिवड्याची जागा निवडण्यात आली. कौलारू बराकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला दोन छोट्या खोल्या आणि पुढे पडवी, अशी रचना होती. छावणीत शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह आणि बालवीर पथके होती. शिक्षण पोलिश भाषेत चाले आणि मुलांना लवकरच परत जायचे आहे हे गृहीत धरून अभ्यासक्रम आखलेला होता. मुंबईतील पोलिश वकिलात आणि तिचे प्रमुख एउगेनिउश बानासिन्स्की या सगळ्याची व्यवस्था पाहत. म्हणजे छावणीवर दैनंदिन कारभार ज्या सरकारच्या नावाने चाले ते सरकार सिकोर्स्की यांचे होते.

त्या सरकारची ब्रिटनने दिलेली मान्यता ५ जुलै १९४५ रोजी काढून घेतली गेली. जिब्राल्टरच्या अपघाताला दोन वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे घडले. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबे ल्वूफ, विल्नो, व्होविन, पोलेसिए या पूर्वेकडील भागांतली होती आणि तो सगळा प्रदेश आता सोव्हिएत संघात गेला होता. परत जा असे त्यांना सांगितले गेले, तेव्हा परत जायला त्यांचे गाव त्यांच्या देशात उरलेले नव्हते. थोडे लोक नव्या पोलंडमध्ये गेले. ज्यांचे पुरुष आंदेर्सच्या सैन्यात इटलीत लढले होते त्यांतील अनेकांना ब्रिटनमध्ये जागा मिळाली, आणि उरलेले ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पुढे त्याच बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना आसरा दिला गेला आणि आजचे गांधीनगर तिथेच वसले. एका फाळणीतून आलेल्यांनी मोकळ्या केलेल्या घरांत दुसऱ्या फाळणीतून आलेले लोक राहायला आले, ही गोष्ट आमच्या भागात सर्वांना ठाऊक असली तरी तिचा पहिला अर्धा भाग अजून नीट सांगितला गेलेला नाही.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या निर्वासितांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे आणि २०१९ मध्ये वळिवडे येथेही स्मारकाचे अनावरण झाले. त्या वेळी छावणीत लहानपण घालवलेले काही वृद्ध दूरदेशांतून आले होते.

सह्यकडा

चर्चेत एक पूरक मुद्दा मांडू इच्छितो. पंतप्रधान, लष्करप्रमुख आणि कारवाया विभागाचा प्रमुख यांना एकाच विमानात का बसवले गेले? हा प्रश्न १९४३ मध्ये नवा नव्हता. १३ ऑगस्ट १९४० रोजी ऑस्ट्रेलियाच्या हवाईदलाचे हडसन विमान कॅनबेराच्या विमानतळाजवळ कोसळले, तेव्हा लष्करमंत्री जेफ्री स्ट्रीट, हवाईमंत्री जेम्स फेअरबेर्न, मंत्री सर हेन्री गलेट आणि लष्करप्रमुख जनरल सर ब्रुडेनेल व्हाइट यांच्यासह विमानातील दहाही जण ठार झाले होते. पंतप्रधान मेन्झिस यांच्या सरकारचा कणा त्या एका सकाळी मोडला आणि सुमारे वर्षभराने त्यांना पद सोडावे लागले.

आपल्याकडेही हा धडा किंमत मोजूनच शिकावा लागला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ एक हेलिकॉप्टर तारांना धडकून कोसळले आणि लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्यासह सहा अधिकारी गेले. याच पिंटो यांनी १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईतील हवाई मोहिमेचे नेतृत्व केले होते. चीन युद्धाला जेमतेम वर्ष झाले होते आणि उत्तर सीमेचे अनुभवी नेतृत्व एका क्षणात नाहीसे झाले. त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकत्र हवाई प्रवास करू नये, हा दंडक आपल्या सैन्यदलांत कडक झाला. नेमकी त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने ही बातमी जगात दबून गेली.

साशंक_वाचक

धागाकर्त्याच्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझा संशय पूर्ण मावळलेला नाही, परंतु प्रखालविषयीचा मुद्दा मला पटला आणि त्याच्यावरील आरोप मी यापुढे जाकिटाच्या आधारे उच्चारणार नाही. एक प्रश्न मात्र उरतो. विमानात यान ग्रालेव्स्की नावाचा एक पोलिश माणूसही होता, ज्याची ओळख काही ठिकाणी वेगवेगळी दिली जाते. तो कोण होता?

जुने_नकाशे (धागाकर्ता)

ग्रालेव्स्की हा भूमिगत सेनेचा निरोप्या होता. नाझींच्या ताब्यातील युरोप ओलांडून, फ्रान्स व स्पेनमार्गे, देशातील बातम्या घेऊन तो जिब्राल्टरला पोहोचला होता. लंडनला जायला त्याला सिकोर्स्की यांच्या विमानात जागा मिळाली. असे निरोपे टोपणनावांनी वावरत, म्हणून त्याच्याविषयी पुढे बरेच तर्क रचले गेले. मृतांच्या यादीत सर्वांत कमी अधिकाराचा आणि कदाचित सर्वांत कठीण प्रवास केलेला हाच माणूस असावा.

सह्यकडा यांनी विचारलेल्या प्रश्नाला एक जोड द्यायची आहे. निर्वासित सरकारकडे माणसे मोजकी होती आणि ब्रिटिशांनी दिलेल्या विमानातील जागाही मोजक्या होत्या. सैन्याच्या पाहणीला जायचे तर लष्करप्रमुख आणि कारवाया प्रमुख बरोबर हवेत, आणि त्यांना स्वतंत्रपणे आणण्यासाठी दुसरे विमान मागायचे तर ते यजमानाकडे. स्वतःची भूमी नसलेल्या सरकारला स्वतःच्या पंतप्रधानाच्या सुरक्षेची व्यवस्थाही दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागली, हे मला या प्रकरणातील सर्वांत क्लेशदायक सत्य वाटते.

पंचगंगाकाठ, आपल्याला एक विनंती आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातील छावणीविषयीचा पत्रव्यवहार असल्यास, त्यात जुलै १९४३ मध्ये छावणीत शोकसभा झाल्याची किंवा कामकाज बंद ठेवल्याची नोंद सापडते का, हे पाहता आले तर फार मोलाचे होईल. गांधीनगरमधील ज्या जुन्या कुटुंबांकडे १९४८ च्या सुमारास बराकी ताब्यात घेतल्याचे कागद असतील त्यांच्याशीही आपला संपर्क असल्यास कळवावे. मिळेल ती माहिती आपण याच धाग्यावर क्रमाने नोंदवत जाऊ.

पंचगंगाकाठ

अवश्य. पुराभिलेखागारात अर्ज करून पाहतो. मोडी लिपीतील आणि इंग्रजी अशी दोन्ही प्रकारची दफ्तरे असण्याची शक्यता असल्याने मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यालाही सोबत घेतो. गांधीनगरमधील दोन कुटुंबे माझ्या परिचयाची आहेत. त्यांच्या संमतीने कागदांची छायाचित्रे मिळाली तर येथे देईन.